फुंकणी थुंकते तेव्हा

लग्नात मुलीला शिवणयंत्र द्यायची आमच्याकडे पद्धत होती. माझ्या वडिलांनी मला एअरब्रश दिला. सासरच्या बायकांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला आणि हे नक्की कशाला लागतं असं विचारलं. फोटोतली माणसं गोरी करायला, असं मी सांगितल्यावर त्यांनी तो परत डबीत ठेवला.

शिरूरला बाजारपेठेत वडिलांचा, म्हणजे आबांचा, फोटो स्टुडिओ होता. चौदाव्या वर्षापासून मी तिथं टचिंग करत होते. दाखवायच्या फोटोतल्या मुलीच्या गालावरचे देवीचे व्रण पुसायचे, मागं धरलेल्या चादरीच्या सुरकुत्यांचं धुकं करायचं, ग्रुप फोटोत असलेल्या पण पुढं भांडण झालेल्या मेहुण्याला भिंतीत विरवून टाकायचं. हे सगळं त्या पेनाएवढ्या हत्यारानं व्हायचं. वर बोटानं दाबायची कळ, बाजूला रंगाची छोटी वाटी, आत एक लांब सुई, टोकाला मोहरीहून बारीक छिद्र. कळ दाबली की हवा, मागं ओढली की रंग. हवा यायची ट्रकच्या ट्यूबमधून. हमरस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानात ट्यूब गच्च भरून आणायची आणि रबरी नळीनं एअरब्रशला जोडायची. आमच्या घरी त्याला फुंकणी म्हणत.

लग्न होऊन मी दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आले. आमचे हे पार्सल ऑफिसात होते. तिथं कुणाच्या गालाला टचिंगची गरज नव्हती, त्यामुळं फुंकणी सहा वर्षं ट्रंकेत पडून राहिली. ती बाहेर निघाली ती शेजारच्या आप्पांमुळं.

आप्पा रेल्वेत पेंटर होते. मालगाडीच्या वाघिणींवरचे आकडे, केबिनवरच्या पाट्या, ऑफिसांच्या दारावरची साहेबांची नावं, सगळं त्यांच्या हातचं. पट्टी न लावता सरळ रेघ मारायचे. यवतजवळच्या खेड्यातून आलेले, त्यांच्या घराण्यात सरकारी नोकरी लागलेले पहिलेच. दर एप्रिलात कॉलनीतल्या जयंतीचा निळा फलकही तेच लिहीत. त्या वर्षी फलक कॉलेजात जाणाऱ्या एका पोरानं लिहिला आणि सगळ्यांना कळलं, की आप्पांचा हात थरथरतो. मावशी, म्हणजे त्यांच्या बायकोला ते वर्षभर माहीत होतं. चहाच्या बशीवरून कळलं होतं तिला.

रेल्वेच्या डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं, की हा माणूस ब्रशच्या कामाला अयोग्य, दुसरं काम द्यावं. दुसरं काम म्हणजे यार्डाच्या गेटवर वॉचमन. आप्पांना गेटवर बसायचं नव्हतं. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं रंगाचे डबे घेऊन रोज त्याच गेटमधून आत जाणार आणि आप्पा त्यांना दार उघडून देणार, हे त्यांना सोसणारं नव्हतं. ते तसं कधी बोलले नाहीत. मावशी बोलली. "गेटवर बसवलं तर ह्यो माणूस दोन वर्सात मरंल," असं तिनं मला तांदूळ निवडता निवडता सांगितलं, आणि खडा बाहेर टाकला.

एक वाट होती. रेल्वेच्या प्रशिक्षण शाळेत मॉडेलची खोली असते. छोटे सिग्नल, छोटे रूळ, छोटे डबे करून त्यावर नव्या भरतीला शिकवतात. तिथं एक माणूस हवा होता. शाळेचे साहेब पंधरा दिवसांनी, गुरुवारी, दौंडला येणार होते, आणि आप्पांनी आपल्या हातचं काही दाखवावं असा निरोप होता.

दाखवायला आप्पांकडे होतं. रिकाम्या वेळात त्यांनी दौंड स्टेशनाचा एक तुकडा केला होता. थर्माकोलचा प्लॅटफॉर्म, लाकडाची केबिन, पाण्याची टाकी आणि पुठ्ठ्याचे दोन डबे, खिडक्या-दारांसकट, सगळं मापात. हाताला टेकू मिळाला की तो ऐकायचा. करवत चालायची, डिंक लागायचा. अधांतरी ब्रश धरला की मात्र थरथर. म्हणून डबे रंगवायचे राहिले होते. प्लॅटफॉर्म रंगवायचा प्रयत्न त्यांनी केला होता, नेहमीच्या तेलरंगानं. टर्पेंटाइननं थर्माकोल खाल्लं आणि एक नंबरच्या प्लॅटफॉर्मवर विहीर पडली.

मी फुंकणी घेऊन त्यांच्याकडे गेले. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून ती धरता येते आणि चार बोटं अंतरावरून रंग मारताना हात थोडा हलला तरी कळत नाही, हे मी त्यांना जुन्या वर्तमानपत्रावर करून दाखवलं. त्यांनी हातात घेतली, एक पट्टा मारला, दुसरा मारला. मग कागदाकडे बघत बसले. मी म्हटलं, बघत काय बसलाय, पंधरा दिवस आहेत.

थर्माकोलला चालेल असा पाण्यात कालवायचा रंग हवा होता. अधिकाऱ्यांच्या बंगल्याच्या भिंतींसाठी आलेल्या ॲक्रिलिक रंगाचा अर्धा डबा आप्पांनी रीतसर मागून आणला. नवीनच प्रकार होता तो. त्यात तांबडं आणि काळं स्टेनर, म्हणजे रंगाचा घट्ट अर्क, घालून रेल्वेच्या डब्याचा तो गडद तांबूस रंग त्यांनी असा मिळवला, की खऱ्या डब्याशेजारी झाकण धरलं तर फरक कळेना. रंगाच्या बाबतीत मी त्यांना काही शिकवायला गेले नाही. फवारायची अक्कल मात्र माझी, असं मी समजत होते.

पहिल्या दिवशी फुंकणी थुंकली. बारीक फवाऱ्याऐवजी थेंब, मग काहीच नाही, मग एकदम मोठा थेंब. माझी फोटोची शाई पाण्यासारखी असायची. हा रंग भिंतीसाठी केलेला. दुधाएवढा पातळ केला आणि जुन्या साडीच्या पदरातून दोनदा गाळला, तेव्हा चालायला लागला.

मग उन्हानं छळलं. एप्रिलातलं दौंड, वर पत्रा. हा रंग वाळतो भलताच लवकर. छिद्रातून बाहेर पडेपर्यंत सुईच्या टोकावरच वाळायचा, आणि तोंडाशी साखरेच्या दाण्याएवढी गाठ बसायची. आप्पा कळ जोरात ओढायचे, की गाठ सुटून डब्यावर जायची. औषधाच्या दुकानातून तोंड आल्यावर लावायचं ग्लिसरीन आणलं आणि वाटीत दोन थेंब घालायला लागलो, म्हणजे रंग जरा सावकाश वाळतो. शिवाय काम सकाळी सहा ते आठ एवढंच करायचं ठरवलं. ओलं फडकं शेजारी, दर दोन पट्ट्यांनी टोक पुसायचं. हे जमलं.

राहिला प्रश्न हवेच्या जोराचा. ट्यूब रिकामी होत गेली की जोर कमी होतो आणि फवारा भरड पडतो. शिरूरला आमची आई ट्यूबवर बसायची. इथं मावशी बसली. सुपात तांदूळ घेऊन ती ट्यूबवर बसायची आणि आप्पा रंग मारायचे. पण ती मधूनच खडा टाकायला वाकायची, की हवा उसळायची आणि डब्यावर डाग पडायचा.

"हलू नको म्हनलं ना," आप्पा म्हणायचे.

"तीस वर्सं हलले न्हाई तुमच्या घरातून. आता खडा तरी टाकू द्या."

शेवटी तिला निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला दिले.

आठवड्यात एक डबा झाला. चांगला झाला. दुसरा सुरू करायच्या आधी ट्यूब भरायला आप्पा पंक्चरवाल्या मामांकडे गेले. मामा आप्पांना मानत. त्यांच्या दुकानाची पाटी आप्पांनी फुकट लिहून दिली होती. आप्पांची नोकरी या कामावर अडली आहे हे कळल्यावर मामांनी ती जुनी, चार ठिगळांची ट्यूब काढून घेतली आणि कोरी करकरीत ट्यूब वेष्टनातून काढून, भरून दिली. अशा कामाला ठिगळाची ट्यूब द्यायची म्हणजे काय, दुकानाची शोभा जाईल, असं त्यांचं म्हणणं. आप्पा ती नवरदेवासारखी मिरवत घेऊन आले. मावशीनं बसायच्या आधी तिला हळद-कुंकू लावलं.

आणि दुसऱ्या डब्याला पुरळ आलं. रंग मारला की बारीक खरखर. हात फिरवला तर पॉलिश कागदासारखं लागायचं. मधेच फुंकणी बंद पडायची. मी म्हटलं रंग. परत गाळला, तीनदा. खरखर तशीच. मी म्हटलं पाणी, दौंडच्या बोअरचं पाणी क्षाराचं. बॅटरीत घालायचं पाणी आणलं. तशीच. मी म्हटलं ग्लिसरीन जास्त झालं. आप्पा म्हणाले, ताई, पहिल्या डब्याला हेच ग्लिसरीन होतं. मी म्हटलं, मग तुम्ही लांबून मारताय, हवेतच वाळतोय. त्यांनी जवळून मारला. ओघळ आले, आणि ओघळातही खरखर.

रविवारी माझा धीर सुटला. फुंकणी तुंबली की आबा सांगायचे, आधी पाणी फुंकायचं, मग थांबायचं, सुईला सगळ्यात शेवटी हात लावायचा. मी पाणी फुंकलं नाही आणि थांबले तर मुळीच नाही. तशीच ताणून सुई ओढली. ती बाहेर आली आणि टाइल्सवर टोकावर पडली. उचलून बघितली तर टोक गळासारखं वळलेलं.

तशी दुसरी सुई पुण्यातही मिळेल की नाही शंका होती. गुरुवारला चार दिवस होते.  आप्पांनी ओल्या फडक्यानं टेबल पुसलं, दोनदा पुसलं. मावशी ट्यूबवरून उठली आणि म्हणाली, "ताई, गेटवर थंडीचा कोट तरी देत्यात का हो?" मला वाटतं ती गमतीनं म्हणाली. मी हसले नाही.

सोमवारी सकाळच्या एसटीनं मी शिरूरला गेले, मधे एक गाडी बदलून, डबी पदरात बांधून. सोबत रुमालात दुसऱ्या डब्याची एक बाजू होती, आप्पांनी सोडवून दिलेली. आबा काउंटरवरच होते. सुई बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सुई कुणी ओढली?"

"मी."

"बरं झालं. दुसऱ्या कुणी ओढली असती तर तू त्याला शिकवत बसली असतीस."

त्यांनी सुई काचेवर आडवी ठेवली आणि बोटाखाली फिरवली. जिथं वाकडी होती तिथं ती उडी मारायची. नखानं जराशी दाबायची, फिरवायची, परत दाबायची. मग शेजारच्या न्हाव्याकडून वस्तऱ्याचा दगड आणला आणि टोक हलकेच पाजवलं. अर्धा तास लागला. तोवर मी त्यांना खरखरीचं सगळं सांगितलं. रंग, पाणी, ग्लिसरीन, ऊन, अंतर. पाचही गोष्टी मी कशा पारखल्या तेही सांगितलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, यात हवा कुठं आहे?

मी म्हटलं, हवेचं काय, हवा हवाच.

आबांनी फोटोच्या कागदाच्या पाकिटात येतो तो काळा कागद माझ्या हातात दिला. म्हणाले, घरी जा, वाटी काढून ठेव, रंग नाही, पाणी नाही, नुसती हवा या कागदावर सोड. दोन मिनिटं. आणि मग अजून कशाला दोष द्यायचा असेल तर पत्र टाक.

संध्याकाळी दौंडला येऊन पदर खोचला आणि हवा सोडली. मावशी ट्यूबवर, आप्पा कंदील धरून, कारण नेमकी वीज गेली होती. काळ्या कागदावर हळूहळू पांढरं वर्तुळ उमटलं. बोट लावलं तर गुळगुळीत, गालाला लावायच्या पावडरसारखं.

संगजिरं, म्हणजे चेहऱ्याच्या पावडरीत असतं तेच. नवी ट्यूब आतून चिकटू नये म्हणून कारखान्यातच आत भुरभुरलेलं असतं. जुन्या ट्यूबमधलं ते कधीच उडून गेलेलं होतं. मामांनी मान ठेवून दिलेल्या कोऱ्या ट्यूबनं चार दिवस डब्याला पावडर लावली होती, आणि मी सगळ्या दौंडच्या पाण्याला नावं ठेवत होते.

आता मामांना सांगायचं कसं, हा आप्पांपुढं प्रश्न पडला. नवी ट्यूब परत करून जुनी मागायची म्हणजे त्यांचा अपमान. आप्पा म्हणाले, राहू द्या, हिच्यावरच भागवू, हिच्या तोंडाला फडकं बांधू. मी म्हटलं, उद्या गेटवर बसाल आणि मामांचा मान शाबूत राहील, चालेल? मीच गेले. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग जुनी ट्यूब खुंटीवरून काढली.

"ठिगळं बघून साहेब काय म्हनंल?"

"साहेब डबा बघणार आहे, मामा. ट्यूब नाही."

"त्येच बघा. आन् नव्या ट्यूबला कुंकू कुनी लावलं? आता ती मी इकू कशी?" असं म्हणून त्यांनी ती दुकानात वर टांगली.

मंगळवारी आणि बुधवारी सकाळी आप्पांनी दुसरा डबा घासून पुन्हा मारला. गुळगुळीत झाला. आकडे मात्र साहेबांपुढं घालायला मुद्दाम राखून ठेवले. त्यासाठी फोटोच्या जुन्या फिल्ममधून त्यांनी स्टेन्सिल कापल्या होत्या, पातं पट्टीला टेकवून.

गुरुवारी मॉडेल हातगाडीवरून रेल्वेच्या सभागृहात नेलं. फुंकणीची मालकीण म्हणून मी गेले. मावशी नऊवारीची घडी मोडून आली आणि सवयीनं जाऊन ट्यूबवर बसली. साहेब आत आले. उंच, घाईत, हातात फाइल. त्यांनी मॉडेल बघितलं, वाकून खिडक्यांतून बघितलं, मग त्यांची नजर मावशीवर गेली. या कोण, त्यांनी विचारलं.

"ह्यो आमचा कॉम्प्रेसर, साहेब," आप्पा म्हणाले.

मावशी पदर सावरून आणखी ताठ बसली. साहेब हसले नाहीत, पण फाइल खाली ठेवली. म्हणाले, दुसऱ्या डब्यावर आकडे नाहीत, ते माझ्यासमोर घाला.

आप्पांनी कोपरं टेकवली. हात थरथरत होता, साहेबांना दिसत होता. स्टेन्सिल लावली, पिवळा रंग वाटीत घातला, पहिला आकडा मारला. स्वच्छ. दुसरा मारताना फवारा तुटला. सभागृहात पंखे चालू होते आणि अकरा वाजले होते, टोक वाळलं असणार. मी पुढं झाले. आप्पांनी मान न वळवता डाव्या हातानं मला थांबवलं. कळ ओढली नाही. फुंकणी डब्यावरून बाजूला घेतली, नुसती हवा काळ्या कागदावर सोडली, कागद बघितला. कोरा. ओल्या फडक्यानं टोक टिपलं. वाटीत एक थेंब ग्लिसरीन. कागदावर एक बारीक रेघ. मग परत डब्यावर. दुसरा आकडा, तिसरा, चौथा, पाचवा. स्टेन्सिल उचलली तेव्हा आकड्यांच्या कडा सुरीनं कापल्यासारख्या होत्या.

साहेब म्हणाले, त्यांच्या शाळेत परदेशातून आणलेलं असंच यंत्र आहे, खऱ्या कॉम्प्रेसरसकट. ते थुंकतं म्हणून दोन वर्षं खोक्यात आहे. कुणी रंगाला दोष देतं, कुणी यंत्राला. तुम्ही कसं ठरवता, बिघाड कुठं आहे?

"आदी नुसती हवा सोडून बगायची, साहेब. हवा खराब का रंग खराब ते ठरल्याबिगर सुईला हात लावायचा न्हाई." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "हात लावनारी मानसं असत्यात."

"तुमचा हात थरथरतो."

"व्हय. टेकू लागतो. मंग ऐकतो."

साहेबांनी फाइलीत काहीतरी लिहिलं आणि चहा न घेता गेले. घाईत होते ते.

पुढचे वीस दिवस आप्पा कुणाशी धड बोलले नाहीत. मावशी मात्र बोलत होती. गेटचा कोट कुठल्या रंगाचा असतो, गेटवर पंखा असतो का, अशी सगळी चौकशी तिनं आमच्या ह्यांच्याकडून करून घेतली. आपण दोन्हीला तयार आहोत असं दाखवायची तिची ती रीत होती.

पत्र आलं ते इंग्रजीत. आप्पांनी दोनदा वाचलं, कळलंही असावं, तरी पार्सल ऑफिसातून हे येईपर्यंत घडी करून खिशात ठेवलं. ह्यांनी ओट्यावर उभं राहून वाचलं, मोठ्यानं, आणि मग मराठीत सांगितलं, की मॉडेलच्या खोलीत मदतनीस, एक तारखेपासून हजर व्हायचं, क्वार्टर तिकडंच मिळेल.

मावशी कणिक मळत होती. ती तशाच हातांनी दारात आली.

"म्हंजी गेटवर बसायचं न्हाई ना?"

"नाही," हे म्हणाले.

"आन् तिथं बसायला खुर्ची?"

ह्यांनी पत्र पुन्हा बघितलं, जणू त्यात ते लिहिलेलं असणार. आप्पा म्हणाले, "स्टूल आसंल."

"स्टूल तर स्टूल," मावशी म्हणाली, आणि आमच्या घरातल्या माणसांनाही धरून कणकेत आणखी दोन मुठी पीठ घातलं.